गॅलिलिओ मिरकरवाड्यात

गुहागर,
४ जानेवारी २०२६

प्रिय आप्पा,

'तीर्थरूप' लिहीत नाही. मागच्या खेपेला लिहिलं तर तुम्ही म्हणालात, तीर्थ व्हायला अजून अवकाश आहे. फोनही करत नाही, कारण तुम्ही 'हॅलो' म्हणून तो आज्जीच्या हातात देता आणि आज्जी बांगड्याचा भाव सांगून ठेवून देते. चाळीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनाशेजारी उभं राहून बोट हाकणाऱ्या तुमच्यासारख्या तांडेलाचे कान गेले, पण डोळे शाबूत आहेत. म्हणून हे पत्र.

शिक्षणसेवक म्हणून माझी तीन वर्षं जूनमध्ये पुरी होतात. कायम करायचं की नाही ते हेडसर ठरवणार, आणि त्यांनी माझ्या गळ्यात विज्ञान दिन अडकवला आहे. २८ फेब्रुवारीला 'दहा थोर भौतिकशास्त्रज्ञ' असं प्रदर्शन. प्रत्येकाचं सनबोर्डवर मोठं चित्र, खाली बारा ओळी. तालुक्याच्या शिक्षणाधिकारी मॅडम येणार आहेत. सगळं नीट झालं तर नववी-दहावीचं विज्ञान माझ्याकडेच राहील. आप्पा, मला दुसरं काही नको आहे.

दहाही जणांच्या चित्रांच्या झेरॉक्स आणि माझ्या बारा-बारा ओळी सोबत जोडल्या आहेत. तुम्ही सातवी पास. तुम्हाला कळलं तर माझ्या नववीलाही कळेल. वाचून खरं काय वाटलं ते कळवा.

तुमची,
मृणाली

मिरकरवाडा,
१३ जानेवारी

चि. मृणाल,

खरं काय वाटलं ते कळवा म्हणालीस, मग ऐक. तुझे हे दहा थोर मी आणि तुझी आज्जी दोघांनी जेवणं झाल्यावर तपासले. एकजण आंघोळ अर्धी टाकून नागडा गावभर धावला. दुसरा डोळ्याच्या खाचेत दाभण घालून बघतो की आता काय दिसतं. आमच्याकडे दाभणाने गोणी शिवतात. तिसऱ्याने म्हणे सबंध पृथ्वीचं वजन केलं, पण घरातल्या मोलकरणीशी बोलायची भीती, म्हणून जेवायला काय हवं ते चिठ्ठीवर लिहून ठेवायचा. असले लोक वाडीत असते तर त्यांना देवरुषाकडे नेलं असतं. तुम्ही त्यांची चित्रं लावता.

आज्जी म्हणते, दहात बाई एकच कशी? आणि त्या एकटीचं काम बघ म्हणावं. गळक्या शेडमध्ये टनावारी दगड उकळते आणि तिच्याएवढ्या लांब सळीने ढवळते. नऊ बाप्ये बसून विचार करतायत आणि ही उभी! आज्जीचा हुकूम आहे की मेरीबाईला पहिल्या नंबरावर लाव.

पण मला खरा राग आला तो त्या दाढीवाल्या गॅलिलिओचा. तू लिहिलंस की तो म्हणायचा, पृथ्वी फिरते म्हणून समुद्र हिंदकळतो आणि भरती येते. चंद्राचा संबंध नाही. चंद्राचं नाव घेणाऱ्याला पोरकट म्हणाला! अगो, ह्याने कधी एका तरी खलाशाला विचारलं का? आमच्यातलं शेंबडं पोर सांगेल की अवसेला आणि पुनवेला उधाण येतं. एवढा हुशार माणूस, दुर्बीण घेऊन चंद्रावरचे खड्डे मोजत बसला आणि खाली पायाशी पाणी आलं ते दिसलं नाही.

तुझ्या ओळी मात्र कळल्या. सगळ्या.

आप्पा

गुहागर,
१ फेब्रुवारी

प्रिय आप्पा,

तुमचं पत्र स्टाफरूममध्ये वाचताना मी एवढी हसले की चित्रकलेच्या सरांनी पाणी आणून दिलं. तरी गॅलिलिओची बाजू घेते. त्याने पृथ्वी फिरते हे सांगण्यासाठी सगळं पणाला लावलं, म्हातारपणी घरात नजरकैद भोगली. भरती हा त्याला त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा वाटत होता. माणसाचं एखाद्या विचारावर फार प्रेम बसलं की असं होतं.

आता बातमी. हेडसर म्हणाले, हॉलमध्ये प्रदर्शनं सगळेच भरवतात, काहीतरी वेगळं हवं. मी म्हटलं, समुद्रावर भरवू! रामन बोटीतून जाताना समुद्र निळा का असा प्रश्न घेऊन बसले, न्यूटनने भरतीचं कोडं सोडवलं, केल्विनने कप्प्या आणि दोऱ्यांचं यंत्र करून वर्षभराच्या भरत्या आधीच काढून दाखवल्या. ही माणसं भिंतीवर कशाला? हेडसर खूश झाले. शनिवारी सकाळी नवाला उद्घाटन.

इंटरनेटवर बघितलं. त्या दिवशी साडेनवाला पूर्ण ओहोटी आहे. म्हणजे खालच्या ओल्या वाळूवर भरपूर जागा मिळेल. तिथेच दहा चित्रं अर्धगोलात रोवायची, मधे खुर्च्या. मेरीबाई पहिल्या नंबरावर. आज्जीला सांगा.

तुमची,
मृणाली

मिरकरवाडा,
८ फेब्रुवारी

चि. मृणाल,

केल्विन मला पसंत आहे. तू लिहिलंयस की त्याची स्वतःची बोट होती आणि त्याने बोटीतून दिव्याच्या खुणा करून बाईला लग्नाची मागणी घातली. ह्याला म्हणतात शास्त्रज्ञ.

पण ते साडेनवाच्या ओहोटीचं काय लिहिलंस? मी पत्र दोनदा वाचलं. २८ तारखेला बारस आहे, शुद्ध द्वादशी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे तुला मी तू परकरात होतीस तेव्हा बोटांवर शिकवलं होतं. बारा तिथी, पाऊणपट नऊ. सकाळी नवाला भरती आणि संध्याकाळी नवाला भरती. ओहोटी दुपारी तीनला. साडेनवाला ओहोटी कुठल्या समुद्रात आहे ते बघ, आपल्या तरी नाही.

गुहागरात कुणाही कोळणीला विचार.

आप्पा

गुहागर,
१७ फेब्रुवारी

प्रिय आप्पा,

घाईत आहे. रागावू नका, पण ती पाऊणपट अंदाजाची झाली. ह्या वेबसाईटवर मिनिटासकट वेळ आणि सेंटिमीटरमध्ये पाणी दिलं आहे. केल्विनच्याच पद्धतीचं गणित, फक्त कप्प्यांच्या जागी कॉम्प्युटर. तो तुम्हाला पसंत आहे ना? मग झालं तर.

सनबोर्ड आले. गॅलिलिओ फार देखणा दिसतो.

मृणाली

गुहागर,
१ मार्च

आप्पा,

तुमची बारस खरी निघाली.

सगळं लिहिते, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून ऐकायला नको. सकाळी सातला आम्ही चित्रं रोवली. पाणी बरंच वर होतं, पण मला वाटलं ते उतरतंय. नववीतली सानिका दोनदा येऊन म्हणाली, "बाई, पाणी वर येतंय." मी म्हटलं, शेवटच्या लाटा असतात अशा. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "बाई, भरती लागली हाय, माझे बाबा रोज ह्याच पाण्यात जातात." आप्पा, मी तिला मोबाईल दाखवला. समुद्र समोर असताना मी तिला मोबाईल दाखवला!

नवाला शिक्षणाधिकारी मॅडम खुर्चीवर बसल्या. हेडसरांनी प्रास्ताविक सुरू केलं. 'विज्ञानाने निसर्गावर विजय मिळवला आहे' असं ते म्हणत असताना पहिली लाट त्यांच्या बुटात शिरली. दुसरी मॅडमच्या चपला घेऊन गेली. तिसरीने अर्धगोल मोडला. न्यूटन आडवा झाला, रामन दोन मुलांनी धरून ठेवले, आर्किमिडीज मात्र स्वतःच्या नियमानुसार नीट तरंगला. सानिकाने युनिफॉर्म भिजवून मेरी क्युरीला छातीशी धरून बाहेर आणलं. गॅलिलिओ गेला. शेवटचा दिसला तेव्हा तो आभाळाकडे बघत अंजनवेलच्या दिशेने चालला होता.

घरी येऊन ती वेबसाईट परत उघडली. अगदी खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, सर्व वेळा ग्रीनिचच्या. त्यात साडेपाच तास मिळवले की दुपारचे तीन वाजतात. तुम्ही लिहिलं होतं ते तीन.

हेडसर ओरडले नाहीत. ते म्हणाले, "तुम्ही तांडेलाच्या घरच्या ना?" त्यापेक्षा ओरडले असते तर बरं. जूनपासून मला कार्यानुभव देतील असं दिसतंय, म्हणजे कागदी फुलं आणि खडूचे डबे, तेही ठेवलं तर. मी त्याची वाट बघणार नाही. नितेशदादाच्या ओळखीने मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, प्लास्टिकच्या बरण्यांच्या कारखान्यात स्टोअरला जागा आहे. २३ मार्चला भेटायला बोलावलंय. बरण्यांना भरती-ओहोटी नसते.

मी गॅलिलिओला हसले नव्हते, तुम्ही हसला होतात. पण त्याने खलाशाला विचारलं नाही आणि मी तर न विचारता सांगणारीलाही गप्प केलं. मला आता वर्गात सानिकासमोर कसं उभं राहवेल?

मृणाली

मिरकरवाडा,
७ मार्च

चि. मृणाल,

तुझं पत्र आज्जीला वाचून दाखवलं. मेरीबाई वाचली म्हणून तिने देवापुढे साखर ठेवली. मी हसलो. पण आज जे लिहितोय ते अठ्ठावीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही.

तुझ्या आईबाबांच्या लग्नाची गोष्ट तुला पाठ आहे. मे महिना, नवऱ्याची वरात मी माझ्या बोटीतून भाट्याच्या खाडीपलीकडे न्यायला निघालो, तोंडाशी इंजिन बंद पडलं, बोट वाळूच्या पट्ट्यावर चढली आणि गोरज मुहूर्त टळू नये म्हणून भटजी आणि नवरी पलीकडून गुडघाभर पाण्यातून चालत आले. वाळूवर अंतरपाट धरला. सगळी वाडी ही गोष्ट सांगते आणि सगळी वाडी धोंडूला शिव्या देते, कारण इंजिनावर धोंडू होता.

इंजिन बंद पडलं नव्हतं.

बोटीच्या केबिनमध्ये कॅलेंडर होतं. त्याच्यावर देवीचं चित्र. वर्ष सरलं, पण देवीला केरात कशी टाकायची? म्हणून नवं कॅलेंडर त्याच खिळ्याला मागून अडकवलं आणि देवी पुढे तशीच राहिली. त्या दिवशी मी दहा तारीख बघितली. वार कोण बघतो? त्या चौकोनात चतुर्थी होती. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती. वरातीला छान वेळ. खरी होती चतुर्दशी. भरती साडेदहाला येऊन गेली होती, आणि मी भर ओहोटीत पन्नास वऱ्हाडी घेऊन वाळूत शिरलो. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरवरून! समोर पाणी किती उथळ दिसत होतं. खलाशी ओरडले, "आप्पा, तळ दिसतोय." मी म्हटलं, मला शिकवू नका, चतुर्थी आहे.

बोट बसली तेव्हा व्याही समोर उभे होते. तोंडातून आपोआप निघालं, "इंजिन गेलं." त्या दोन शब्दांवर मी अठ्ठावीस वर्षं तांडेल म्हणून मिरवलो.

तुझं पत्र आलं आणि मला लाज वाटली. तू बाईमाणूस, दुसऱ्या दिवशी सगळं लिहून मोकळी झालीस. परवा मी धोंडूच्या घरी गेलो. तो आता ओटीवर बसून जाळी विणतो. मी त्याला सगळं सांगितलं. तो विणायचा थांबलासुद्धा नाही. म्हणाला, "आप्पा, मला तवाच म्हाईत होतं. बोट बसली तरी इंजिन धडधडत होतं. तुम्ही 'इंजिन गेलं' म्हणालात, म्हणून मी हळूच बंद केलं."

मला रडू आलं गो. तो म्हणाला, आता रडू नका, चहा घ्या.

बरण्या मोजायच्या तर मोज. पण चुकलीस म्हणून जाऊ नकोस. चुकून पळाला तो तुझा आजोबा. ती चाल घरात एकदा झाली तेवढी पुरे.

आप्पा

गुहागर,
१२ मार्च

प्रिय आप्पा,

पत्र तीनदा वाचलं. धोंडूकाकांसाठी मी इथून नमस्कार केला. त्यांना सांगा.

पण आप्पा, तुमच्या चुकीत निदान एक लग्न लागलं. माझ्या चुकीत मुलं काय शिकली? बाई बोलते ते खरं नसतं, एवढंच. काल वर्गात न्यूटनचा तिसरा नियम सांगत होते तर मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, ग्रीनिचची वेळ का?" सगळे हसले. सानिका हसली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

२३ ला मी रत्नागिरीत येते आहे. आधी मिरजोळे, मग घरी जेवायला. आज्जीला म्हणावं, सार कर.

मृणाली

मिरकरवाडा,
१७ मार्च

चि. मृणाल,

सार होईल. पण आधी हे वाच, बसून वाच.

काल मी हरिश्चंद्रच्या बोटीवर गेलो होतो. हरिश्चंद्र म्हणजे माझ्या भावाचा मुलगा, तुझा काका, हल्ली आपल्या वाडीत त्याच्यासारखा तांडेल नाही. केबिनमध्ये पाऊल टाकलं आणि थबकलो. देवीच्या शेजारी, हात जोडायच्या जागी, तुझा गॅलिलिओ! गळ्यात झेंडूचा हार, पुढे उदबत्ती, कपाळाला गंध. खालच्या बारा ओळी समुद्राने खाऊन टाकलेल्या, दाढी मात्र शाबूत. झेरॉक्स बघितलेली म्हणून मी ओळखला, नाहीतर मीही हात जोडले असते.

हरिश्चंद्र म्हणाला, "आप्पा, गुहागरच्या बाहेर जाळ्यात आले. कोणीतरी मोठे महाराज दिसतात. समुद्रात कसे टाकू परत?" त्या फेरीला म्हाकूळ इतकं मिळालं म्हणे की बर्फ कमी पडला. मग काय, महाराज कायमचे केबिनमध्ये.

मला राहवलं नाही. मी आठही खलाशांना गोळा करून सांगितलं की हे महाराज नव्हेत, इटलीचा मास्तर आहे, आणि हा म्हणायचा की भरतीशी चंद्राचा काही संबंध नाही. बोट हलेपर्यंत हसले सगळे. हरिश्चंद्र म्हणाला, "मग बरोबर जागेवर आलाय. आता बघ म्हणावं, रोज दोनदा."

पण हसून झाल्यावर त्यातला एकजण, गुहागरकडचाच नवा खलाशी, म्हणाला, "आप्पा, दोनदा का? चंद्र एका अंगाला असतो. त्या अंगाचं पाणी त्याने ओढलं, ठीक. मग पलीकडच्या अंगाचं पाणी का फुगतं? भरती दिवसातून एकदाच यायला हवी."

मृणाल, साठ वर्षं पाऊणपट करतोय. सकाळी नऊ, संध्याकाळी नऊ, हे सांगतो. का, ते मला ठाऊक नाही. कधी विचारच आला नाही! खलाशांनी दोन तास डोकं फोडलं. एकाने नारळ घेतला, एकाने कांदा. शेवटी भांडण झालं. हरिश्चंद्र म्हणाला, "आप्पा, तुमची नात हेच शिकवते ना? तिला आणा. महाराजांसमोर सांगू दे."

आणि त्या प्रश्न विचारणाऱ्या खलाशाला मी नाव-गाव विचारलं. त्याची मुलगी गुहागरात नववीत आहे. सानिका. तो म्हणाला, "ती घरी सांगते, आमच्या बाई चुकल्या आणि सोमवारी वर्गात येऊन फळ्यावर लिहिलं, मी चुकले, सानिका बरोबर होती. असं कोणी मोठं माणूस लिहितं का?"

हे तू मला पत्रात लिहिलं नव्हतंस. माझ्यासारखी नाहीसच तू, उगाच घाबरलो.

आता मिरजोळ्याला जायचं की बोटीवर ते तू ठरव. बोटीवरचे आठ आणि मी, नऊजण थांबलोय.

आप्पा

गुहागर,
२० मार्च

प्रिय आप्पा,

नितेशदादाला कळवलं, २३ ला येत नाही. त्याने शिव्या घातल्या. सार मात्र रद्द करू नका, फक्त पाच दिवस पुढे ढकला.

हेडसरांकडे गेले होते. नववीचा वर्ग घेऊन मिरकरवाड्याला जायची परवानगी मागितली. त्यांनी टेबलाखाली स्वतःच्या बुटांकडे बघितलं. मग म्हणाले, बोटीवर बूट काढून जायचं का? म्हणजे ते येतायत! कायम करतील की नाही ते मी विचारलं नाही. जूनला बघू. नाही केलं तर दुसऱ्या शाळेत विज्ञान शिकवीन. बरण्या कुणीही मोजेल.

तुमच्या खलाशांच्या प्रश्नाचं उत्तर पत्रात लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही पाठ करून आदल्या दिवशी स्वतःच सांगून टाकाल, मी तुम्हाला ओळखते. शिवाय खरं सांगू? मलाही ते पुस्तकातल्या दोन ओळींपुरतंच येत होतं. तीन दिवस वाचते आहे, आता कुठे उलगडायला लागलंय. सानिकाच्या वडिलांनी विचारलं नसतं तर जन्मभर त्या दोन ओळींवर भागवलं असतं. नारळ आणि कांदा दोन्ही तयार ठेवा. धोंडूकाकांना पहिल्या रांगेत बसवा, आणि लग्नातल्या सगळ्या वऱ्हाड्यांना जमलं तर बोलवा. तुम्हाला त्यांना काहीतरी सांगायचं आहे, असं मला वाटतं. मी शेजारी उभी राहीन.

गॅलिलिओचा हार काढू नका. त्याच्या खाली मी नवीन बारा ओळी लिहून आणते आहे. चुकला तेही त्यात असेल.

आम्ही शनिवारी, २८ मार्चला येतो. चैत्र शुद्ध दशमी, पाऊणपट साडेसात. सकाळी साडेसातला धक्क्याला पाणी भरलेलं असेल, मुलांना बोटीत चढायला सोपं. वेबसाईट उघडली नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बघितलं, वारसुद्धा बघितला, आणि मग कॅलेंडर उलटून वर्षही बघितलं.

तुमची,
मृणाली